एफ कॉर्ड लागत नाही? आधी गिटारकडे पाहा

वाद्यांची देखभाल : प्रश्न वाचकांचे, उत्तरं ब्रह्मपुरीच्या पेटी-गिटार कारागिराची

प्रश्न : काका, धानाचे पैसे आल्यावर बाबांनी मला गिटार घेऊन दिली. ऑनलाइन मागवली, लोखंडी तारांची आहे. मोबाइलवर पाहून शिकून राहिली. ई मायनर, ए मायनर आणि डी हे कॉर्ड (एकदम वाजवायच्या सुरांचे मेळ) जमतात. सी वाजवली की दोन तारा मुक्या होतात आणि ज्या वाजतात त्या बेसूर लागतात. मोबाइलवरचा ट्यूनर मात्र हिरवा, म्हणजे सूर बरोबर, दाखवतो. एफ तर लागूनच नाही राहिली. बोटांना चिरा पडल्या. आजी म्हणते, हे पोरींच्या नाजूक बोटांचं काम नव्हे. व्हिडिओतले सर म्हणतात, सराव करा, बोटं घट्ट होतील. माझी बोटं आखूड आहेत म्हणून असं होत असेल का?
– बारावीची विद्यार्थिनी, ता. सिंदेवाही

उत्तर : बोटांची लांबी सोडून दे, बाळा. तुझं उत्तर तुझ्याच पत्रात आहे. मोकळ्या तारांवर ट्यूनर हिरवा आणि सी कॉर्ड बेसूर, हे बोटं नाजूक असल्याने होत नाही. तार जेवढी दाबायला हवी त्याहून जास्त खाली जाते, ताणली जाते आणि तिचा सूर चढतो. म्हणजे तुझ्या गिटारीत तारा फ्रेटपासून, म्हणजे मानेवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांपासून, उंच आहेत, आणि बहुधा वरच्या टोकाला, नटपाशी. खुंट्यांच्या अलीकडे जी पांढरी पट्टी असते, जिच्या खाचांतून सहा तारा येतात, ती म्हणजे नट.

खात्री करून घे. कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, असेल तर पहिल्या फ्रेटवर लाव. नसेल तर पेन्सिल तारांवर आडवी ठेव आणि दोन रबरबँडांनी मानेला करकचून बांध, तपासणीपुरतं चालतं. आता एफचाच आकार एक घर पुढे सरकवून धर, म्हणजे पहिलं बोट दुसऱ्या फ्रेटवर येईल. तो तिथे आधीपेक्षा बराच सोपा गेला, तर दोष नटचा. कॅपो लावला की नटचं काम तोच करतो आणि तारा फ्रेटला टेकूनच सुरू होतात. तिथेही तेवढाच जोर लागला, तर मान किंवा सॅडल (दुसऱ्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) तपासावं लागेल. त्यावर पुढे येतो.

दुसरी तपासणी डोळ्यांची. सहावी, म्हणजे सगळ्यात जाड, तार तिसऱ्या फ्रेटच्या घरात दाब आणि पहिल्या फ्रेटवर तार व धातूच्या मध्ये किती फट राहते ते उजेडात कडेने पाहा. झेरॉक्सचा साधा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो. तो जेमतेम सरकेल एवढी फट पुरे. सहाही तारांवर असंच कर. बाबांचं एटीएम कार्ड पाऊण मिमीचं असतं. तेच आत शिरलं, तर मग बोटांचा विषयच संपला.

एवढ्या बारीक फटीने काय फरक पडतो, असं वाटेल. मोठ्या गिटारीत नटपासून पुलापर्यंत (खालच्या टोकाला तारा अडकवतात तो लाकडी तुकडा) तारेची लांबी साधारण ६४८ मिमी असते आणि नट ते पहिला फ्रेट हे अंतर जेमतेम ३६ मिमी. एवढ्या तोकड्या जागेत तार खाली वाकवायची म्हणजे जोर लागतोच. पाचव्या फ्रेटवर तार दाबायला मोकळं अंतर मिळतं, तिथे नटची चूक जाणवत नाही. शिकणाऱ्याची गोची अशी की त्याचे सगळे कॉर्ड पहिल्या तीन फ्रेटांत. जिथे गिटार सगळ्यात कडक, तिथेच त्याला बसवतात, आणि वर सांगतात सराव कर.

कारखान्यातून नट उंच का येतो, याचं कारण साधं आहे. उंच नट कधी झणझणत नाही. खाच जास्त खोल गेली तर मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणते, गिऱ्हाईक दुकानातच ऐकतं आणि गिटार परत करतं. खाचा बेताच्या करणं हातकाम आहे, प्रत्येक तारेच्या जाडीची वेगळी कानस लागते. स्वस्तातल्या गिटारीवर तेवढा वेळ कोण घालवतो? उंच ठेवून पाठवून द्यायची. शिकणारं पोर स्वतःलाच दोष देतं.

आता मोजमाप. आधी गिटार नीट सुरात लाव, ढिल्या तारांवर मोजलेलं खोटं असतं. मग बाराव्या फ्रेटच्या धातूपासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत अंतर मोज. कंपासपेटीतली प्लॅस्टिकची पट्टी नको, तिच्यात शून्याच्या आधी जागा सोडलेली असते. स्टीलची पट्टी घे, अर्ध्या मिमीच्या खुणांची, आणि तिचा शून्य अगदी टोकावर आहे ना ते पाहून घे. जाड सहाव्या तारेखाली अडीच मिमीच्या आसपास आणि बारीक पहिल्या तारेखाली पावणेदोन ते दोन मिमी असेल, तर नवशिक्याला ठीक. माझ्याकडे येणाऱ्या नव्या गिटारी साडेतीन-चार मिमीच्या सर्रास असतात. याच उंचीला गिटारवाले अ‍ॅक्शन म्हणतात.

अंतर जास्त निघालं म्हणून लगेच घासायला बसू नकोस. आधी मान. तारांच्या ओढीने मान किंचित पुढे वाकलेली असते आणि तेवढी ती असायलाच हवी, नाहीतर तारेला थरथरायला जागा मिळत नाही. पहिल्या फ्रेटवर कॅपो लाव, जिथे मान गिटारच्या धडाला मिळते तिथे, म्हणजे बहुतेक गिटारींत चौदाव्या फ्रेटवर, सहावी तार दाब, आणि मधे सातव्या फ्रेटवर फट पाहा. ०.१५ ते ०.२५ मिमी असावी. एवढं बारीक मोजायला गावातल्या मोटारसायकल मेकॅनिककडे साधन असतं. टॅपेट सेट करायचा फिलर गेज माग. पहिल्यांदा तो तोंडाकडे पाहत राहील, मग स्वतःच मोजायला येईल.

फट याहून बरीच मोठी असेल तर मानेतला ट्रस रॉड, म्हणजे आत बसवलेली धातूची सळई, किंचित आवळावा लागतो. असा कमी-जास्त आवळता येणारा ट्रस रॉड अमेरिकेत गिब्सन कंपनीच्या थॅडियस मॅकह्यू यांनी काढला, १९२३ साली त्याचं पेटंट मिळालं. गिटारच्या गोल भोकातून आत पाहिलंस तर मानेच्या टोकाशी षटकोनी खाच दिसेल. काही गिटारींत ती वर, खुंट्यांच्या बाजूला झाकणाखाली असते. घड्याळाच्या दिशेने फिरवलं की मान सरळ होते, उलट फिरवलं की वाकते. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावायचं आणि पुन्हा मोजायचं. जोर लावूनही फिरत नसेल तर थांब. स्वस्त छोट्या गिटारींत कधी कधी रॉडच नसतो, तिथे शोधत बसू नकोस. आणि तारा खाली आणायच्या म्हणून रॉड पिळणारे बरेच आहेत. तारा खाली आणणं हे रॉडचं काम नव्हे.

मान बरोबर असेल आणि बाराव्या फ्रेटवर तरीही तारा उंच असतील, तर सॅडल. पुलावरची ती सुटी पांढरी पट्टी. हे काम तुला घरी करता येईल. तारा ढिल्या कर, पिना काढ, त्या ज्या क्रमाने निघाल्या त्याच क्रमाने ओळीत ठेव, सॅडल वर ओढून काढ. हिशेब असा की बाराव्या फ्रेटवर जेवढं उतरवायचं, सॅडलमधून त्याच्या दुप्पट काढायचं. तुला बाराव्यावर अर्धा मिमी उतरवायचं असेल तर सॅडल तळाकडून एक मिमी घासायचं. आधी पेन्सिलने रेघ ओढ. सपाट काचेवर २२० नंबरचा पॉलिश पेपर चिकटव, सॅडल उभं धर आणि एकाच दिशेने सावकाश ओढ. वरची कमान असते तिला हात लावायचा नाही. चार-सहा ओढींनंतर उलटून पाहत जा, नाहीतर एक टोक जास्त झिजतं. तळ सपाट हवा, आणि गिटारीत पिकअप (स्पीकरला आवाज पोचवणारं साधन) बसवलेला असेल तर अगदीच सपाट, कारण पिकअपची पट्टी बहुधा त्याच्याच खाली असते. सॅडल हाडाचं असेल तर दाढ कोरताना येतो तसला वास येईल, घाबरू नकोस. प्लॅस्टिकचं असेल तर नुसता पांढरा भुगा पडतो. माझं ऐकशील तर दुसरं सॅडल विकत आणून तेच घास. मूळचं डबीत जपून ठेव, का ते पुढच्या प्रश्नात कळेल.

नटच्या खाचा मात्र स्वतः करू नकोस. अर्ध्या केसाएवढी जास्त गेली की मोकळी तार झणझणायला लागते. मग खाचेत खायचा सोडा भरून वर फेविक्विकचा थेंब टाकायचा आणि पुन्हा नव्याने कोरायची, ती उठाठेव कारागिराकडेच बरी. नागपूरला सीताबर्डीत वाद्यांची दुकानं आहेत, तिथे काम करणारे भेटतात. देताना नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ म्हणू नकोस, त्यात फडकं मारून देतात. ‘नटच्या खाचा पहिल्या फ्रेटच्या हिशेबाने उतरवा’ असं सांग आणि परत घेताना कागद घालून पाहा.

तारांचं पण बोलू. तुझ्या गिटारीवर बहुधा बाराचा सेट असेल, म्हणजे पहिली तार ०.०१२ इंच. त्या सेटची सगळी ओढ मिळून सत्तर किलोच्या आसपास जाते. दहाचा सेट लाव. आवाज थोडा पातळ होतो, बोटांना चांगलाच आराम पडतो. बदलल्यावर मान पुन्हा मोज, ओढ कमी झाली की मान मागे सरकते.

काम होईपर्यंत वाजवणं थांबवू नकोस. दुसऱ्या फ्रेटवर कॅपो लावून सी, ए मायनर, जी, ई मायनर वाजव. एफच्या जागी एफ मेजर सेव्हन धर : चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर, तिसरी दुसऱ्यावर, दुसरी पहिल्यावर, पहिली तार मोकळी, वरच्या दोन (सहावी आणि पाचवी) वाजवायच्याच नाहीत. ती बसली की पहिलं बोट आडवं करून खालच्या दोन तारा (पहिली आणि दुसरी) झाक, झाली छोटी एफ. पूर्ण एफमध्येसुद्धा पहिल्या बोटाला सहा तारा दाबायच्या नसतात. मधल्या तीन तारा बाकीची बोटं दाबतातच, पहिल्याच्या वाट्याला सहावी, दुसरी आणि पहिली एवढ्याच येतात. ते बोट किंचित अंगठ्याच्या कडेला कलवून ठेव आणि फ्रेटच्या अगदी पाठीमागे ठेव, घराच्या मधोमध नव्हे. मधोमध दाबलं तर दुप्पट जोर जातो आणि तार तरीही खरखरते.

बोटांच्या टोकांना दोन-चार आठवडे दुखणं ठीक आहे, तिथली कातडी जाड होते. तेवढ्यापुरते व्हिडिओतले सर बरोबर आहेत. पण चिरा पडणं ठीक नाही. तारांवर गंज आहे का ते पाहा. आणि मनगट किंवा अंगठ्याचा बुंधा दुखत असेल तर त्या दिवशी गिटार ठेवून दे.

आजीला माझा नमस्कार सांग. धानाच्या बांधीत दिवसभर रोवणी करणाऱ्या बायकांची बोटं नाजूक, हे मला काही पटलं नाही.

प्रश्न : भाऊ, मी झाडीपट्टीच्या नाटकांत गिटार आणि ऑक्टोपॅड वाजवतो. दिवाळीपासून होळीपर्यंत गाडीतून मंडपात, मंडपातून गाडीत. तेव्हा गिटार छान चालते. सीझन संपला की घरी टिनाखाली पडून राहते. मे महिन्यात काढली तर सगळ्या तारा झणझणतात, फ्रेटची टोकं हाताला टोचतात. मागच्या वर्षी एकाने सॅडल बदलून उंच करून दिलं. श्रावणात पाहतो तर तारा आभाळात. कोणाचं चुकून राहिलं?
– एक वादक, ता. देसाईगंज (वडसा)

उत्तर : कोणाचंच नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५-४६ वर जातो आणि दुपारची हवा पापडासारखी कोरडी होते. जुलैत तीच हवा ओलीचिंब. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. एवढी बेताची हवा आपल्या भागात वर्षातून फार दिवस टिकत नाही.

लाकूड ओल सोडतं तेव्हा आडव्या अंगाने आकसतं. समोरची पातळ फळी खाली बसते, तिच्यासोबत पूल आणि सॅडल खाली येतात, तारा फ्रेटला टेकतात, म्हणून झणझण. फिंगरबोर्ड, म्हणजे फ्रेट बसवलेली मानेवरची पट्टी, अरुंद होतो, पण फ्रेटचा धातू काही आकसत नाही, त्याची टोकं बाहेर येतात आणि टोचतात. पावसाळ्यात लाकूड ओल पितं, फळी फुगते, पूल वर उचलला जातो. तुमच्या माणसाने मे महिन्याच्या गिटारीला मे महिन्याचा इलाज केला. आषाढाचा विचार केला नाही, एवढंच.

इलाज दोन सॅडलचा. एक उन्हाळ्याचं, थोडं उंच. एक पावसाळ्याचं, थोडं बुटकं. दोन्ही मोजून घासून घ्या आणि प्रत्येकावर खालच्या बाजूला पेन्सिलने ‘उ’ आणि ‘पा’ लिहा. चांगल्या गिटारी बाळगणारे वादक जगभर हेच करतात, फक्त त्यांचे ऋतू वेगळे. प्लायवूडची गिटार असेल तर फरक कमी पडतो. सीझनच्या धकाधकीला मी तर प्लायवूडचीच सांगेन.

उन्हाळ्यात गिटार केसमध्येच ठेवा आणि आत साबणाच्या जाळीदार डबीत ओला, पण घट्ट पिळलेला स्पंज ठेवा. पाणी ठिबकता कामा नये. कूलरसमोर ठेवू नका. रात्रभर ओली हवा आणि दुपारी लाइट गेली की कोरडी भट्टी, या हेलकाव्यांनी फळीला चीर पडते. टिनाच्या थेट खाली फळीवर तर मुळीच नको, आणि उन्हात उभ्या गाडीत त्याहून नको. गोंद तापून मऊ होतो, त्यात तारांची ओढ, पूल पाठीमागून उचकटायला लागतो. पुलाच्या मागच्या कडेखाली कागद घालून पाहा. कागद आत गेला तर आधी तारा ढिल्या करा, मग कारागीर शोधा.

धानाच्या पोत्यांवर गिटार ठेवणारे मी पाहिलेत. तेही नको. तिथे उंदीर येतात.

फ्रेटची टोकं लगेच घासू नका. पाऊस पडल्यावर पुन्हा हात फिरवून पाहा, बरीचशी आत गेलेली असतात. तरीही टोचलीच तर बारीक कानशीने घासा. चार महिने वाजवणार नसाल तर तारा पूर्ण काढू नका, सगळ्या एक सूर खाली उतरवा. आणि दोन्ही ऋतूंत ट्रस रॉडला हात लावायच्या आधी पंधरा दिवस थांबा, अर्धे आजार हवेसोबत जातात.

प्रश्न : मुलगा दहा वर्षांचा आहे. लोखंडी तारा बोटांना लागतात म्हणून रडतो. त्याच गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर चालेल का? दुकानदार म्हणतो, लावा बिनधास्त.
– एक पालक, ता. नागभीड

उत्तर : गिटार मोडणार नाही, पण हाती काही लागणारही नाही. नायलॉनची ओढ लोखंडी तारांच्या जवळपास निम्मी असते. तुमच्या गिटारची फळी लोखंडी तारांसाठी भक्कम बांधलेली आहे, नायलॉन तिला हलवू शकत नाही, आवाज बसका येतो. नायलॉन जाड असतं, ते नटच्या बारीक खाचांत बसत नाही, वर तरंगतं. म्हणजे तारा मऊ आणि उंची जास्त. मूळ दुखणं तसंच.

पैसे खर्चायचेच असतील तर आधी नट-सॅडल नीट करून दहाचा सेट लावा. तरीही नाही जमलं तर लहान आकाराची क्लासिकल गिटार घ्या, ती नायलॉनसाठीच बनलेली असते. तिची मान मात्र रुंद असते, नटपाशी साधारण ५२ मिमी, तुमच्या गिटारची ४३ च्या आसपास असेल. लहान हाताला त्या रुंदीचा त्रास होतो, म्हणून पूर्ण आकाराची नको. नायलॉनच्या तारा तशा जुन्या नाहीत. आधी क्लासिकल गिटारला आतड्याच्या तारा असत, १९४० च्या दशकात न्यूयॉर्कचे अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या बनवल्या आणि आन्द्रेस सेगोविया यांनी त्या वाजवून दाखवल्या.

उलटं मात्र कधीच करू नका. क्लासिकल गिटारला लोखंडी तारा लावल्या की काही दिवसांत पूल हातात येतो.

प्रश्न : माझ्या वर्गात एक डावखुरा मुलगा आहे. शाळेच्या गिटारच्या तारा उलट्या क्रमाने लावून दिल्या तर तो वाजवू शकेल का?
– जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक, ता. मूल

उत्तर : गुरुजी, नुसत्या तारा उलटवून भागत नाही. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, ती वर चढून राहते. बारीक तार जाड खाचेत सैल पडते आणि खणखणते. नट नवा कोरावा लागतो. सॅडल बहुधा तिरकं बसवलेलं असतं, जाड तारेला लांबी थोडी जास्त मिळावी म्हणून. उलटवलं की तिरकेपणा चुकीच्या बाजूला येतो आणि वरच्या फ्रेटांवर सूर चुकतात. पहिल्या चार फ्रेटांतले कॉर्डच वाजवायचे असतील तर ते चालून जातं.

पण आधी त्याला सरळ गिटार देऊन पाहा. कॉर्ड धरणारा हात डावाच असतो, आणि सुरुवातीला कठीण काम त्याच हाताचं. डावखुऱ्यांना तिथे कधी कधी फायदाच होतो. आठवडाभरात त्याला अवघडल्यासारखं वाटलं तर नवा नट करू. शाळेची एकच गिटार असेल तर ती उलटवू नका, बाकीच्या तीस पोरांचं काय?

प्रश्न : आमचं खंजिरी भजन मंडळ आहे. तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतो. एक तरुण गिटार घेऊन येतो, त्याला चार-पाच कॉर्डच येतात. पेटीवाले काळी दोनमध्ये सुरू करतात, कधी काळी चारमध्ये. तो म्हणतो, मले या पट्ट्या नाही जमत. शिवाय त्याची गिटार पेटीसोबत जुळूनच नाही राहिली, मोबाइलवर लावून आणली तरी.
– मंडळाचे सचिव, ता. चिमूर

उत्तर : महाराज, त्याला चार कॉर्डच पुरतात, कॅपो घेऊन द्या. काळी एकला पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सीचे आकार. काळी दोनला पहिल्यावर डीचे किंवा तिसऱ्यावर सीचे. काळी तीनला दुसऱ्यावर ईचे. काळी चारला पहिल्यावर जीचे. काळी पाचला पहिल्यावर एचे किंवा तिसऱ्यावर जीचे. एवढं एका कागदावर लिहून त्याच्या गिटारच्या केसमध्ये चिकटवा. कॅपोचा आणखी एक फायदा : नट उंच असेल तर तेवढ्यापुरता तो दोष झाकला जातो, म्हणून नवशिक्यांना कॅपो लावल्यावर गिटार एकदम सोपी वाटते. तुमच्या पोरालाही तसं वाटलं तर पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला वाचायला द्या.

जुळत नाही त्याचं कारण मोबाइल. ट्यूनर ए (पांढरी सहा) म्हणजे ४४० हर्ट्झ, या हिशेबाने सूर दाखवतो. मंडळाची पेटी जुनी असेल तर तिचे सूर त्यावर तंतोतंत नसतात. पेटीचे सूर घटकाभरात बदलता येत नाहीत, गिटारचे येतात. म्हणून गिटार पेटीवर लावायची : पेटीवर पांढरी सहा धरून ठेवायला सांगा, त्यावर पाचवी तार लावा, बाकीच्या तिच्यावरून. कॅपो लावल्यानंतर पुन्हा एकदा जुळवा. कॅपो फ्रेटच्या जवळ आणि सरळ बसवायचा. फार आवळला की तारांचा सूर चढतो, आणि तारा उंच असलेल्या गिटारीत जास्तच चढतो. भजन संपलं की काढून ठेवायचा, रात्रभर लावून ठेवू नका.

पत्र पाठवणाऱ्यांसाठी : गिटारचा समोरून काढलेला फोटो मला काही सांगत नाही. तीन फोटो पाठवा : बाराव्या फ्रेटवर कडेने, पट्टी उभी धरून; पहिला फ्रेट आणि नट कडेने; आणि खुंट्यांकडून पुलाकडे मानेच्या रेषेत पाहून. फोटो काढायच्या आधी गिटार सुरात लावा, आणि तारा शेवटच्या कधी बदलल्या ते लिहा.